देवमाशाचं पंचांग, होडीचं पंचांग

आतेभावाचा परवा मेसेज आला. "मुलांना मे महिन्यात सुट्टी आहे. श्रीलंकेत मिरिस्साला जाऊन ब्लू व्हेल बघायचा विचार आहे. हॉटेलं निम्म्या किमतीत मिळतायत. बुक करू का?"

मी लिहिलं, "नको." एका शब्दात उत्तर दिलं तर माणसाला राग येतो, म्हणून मग फोन केला. पाऊण तास बोलणं झालं. हा लेख म्हणजे तो पाऊण तास, मधली घरगुती चौकशी वगळून.

हॉटेलं निम्म्या किमतीत का मिळतायत, इथूनच सुरुवात केली. मे महिन्यात मिरिस्साला जाणं म्हणजे जुलै महिन्यात मालवणला स्नॉर्कलिंगला जाण्यासारखं आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आपल्याआधी पोचतात. मेपासून साधारण ऑक्टोबरपर्यंत तिथला समुद्र खवळलेला असतो आणि व्हेल बघायला नेणाऱ्या बोटी बहुतेक बांधून ठेवलेल्या असतात. "म्हणजे तेव्हा व्हेल नसतात का?" त्यानं विचारलं. असतात. गंमत तीच आहे. ते तिथेच असतात, आपण जाऊ शकत नाही.

व्हेल बघायला कुठे आणि कधी जायचं हे ठरवताना दोन पंचांगं शेजारी ठेवून बघावी लागतात. एक देवमाशाचं, एक होडीचं. आपल्या कोळी बांधवांना हे शिकवायला नको. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ समुद्राला वाहतात तेव्हा मासे त्या दिवशी आलेले नसतात, समुद्र होडीसाठी उघडलेला असतो. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातीत 'व्हेल सीझन' असं छापलेलं असतं, पण तो सीझन दोघांपैकी नक्की कोणाचा, हे कुणी सांगत नाही. ते कळलं की अर्धं काम झालं.

आधी देवमाशाचं पंचांग बघू. देवमासा मासा नाही, आपल्यासारखाच श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे, हे शाळेत झालंय. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की बऱ्याच मोठ्या देवमाशांचं वर्ष दोन गावांत वाटलेलं असतं. एक गाव जेवणाचं, एक बाळंतपणाचं. थंड समुद्रात उन्हाळ्यात अन्नाची लयलूट होते, म्हणून उन्हाळा तिकडे. पिलं जन्माला घालायला कोमट पाणी बरं, म्हणून हिवाळा विषुववृत्ताच्या बाजूला. पाठीला किंचित पोक असलेला हंपबॅक हा या येरझाऱ्यांचा पट्टीचा प्रवासी. बाळंतपणाच्या गावात मादी जवळपास काही खात नाही. अंगावरच्या चरबीवर महिने काढते आणि वर पिलाला दूधही पाजते.

म्हणून "हंपबॅक कुठे बघायचा?" हा प्रश्न अपुरा आहे. काय करताना बघायचा, ते आधी ठरवा. उड्या, नरांची मादीमागची झटापट, आईला चिकटून पोहणारं पिल्लू बघायचं असेल तर हवाई, जानेवारी ते मार्च. माउई बेटाच्या किनाऱ्यावरूनही दिसतात. जेवताना बघायचं असेल तर बॉस्टन. तिथल्या केप कॉड या भूशिराच्या टोकाशी स्टेलवॅगन बँक नावाचा उथळ उंचवटा आहे, तिथे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत हंपबॅक छोट्या माशांवर ताव मारत असतात. खालून बुडबुड्यांचं कडं सोडून माशांना घेरायचं आणि मग आ वासून वर यायचं, ही त्यांची युक्ती बोटीवरून बघता येते. आमच्या ओळखीतली एक मुलगी बॉस्टनला आठ वर्षं राहून परत आली, पण कधी गेली नाही. घराजवळ असलं की राहूनच जातं. पुण्यात राहून शनिवारवाडा न पाहिलेले लोक मला माहीत आहेत.

दक्षिण गोलार्धात हे सगळं उलटं, कारण तिथले ऋतू उलटे. सिडनीतल्या मराठी मंडळींना तर बोटीचं तिकीटही काढायला नको. मे ते नोव्हेंबर हंपबॅकची वरात शहरासमोरून जाते. जून-जुलैत उत्तरेकडे, बाळंतपणाला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पिलांना घेऊन दक्षिणेकडे, माहेरी. नॉर्थ हेड किंवा केप सोलँडरच्या कड्यावर दुर्बीण आणि डबा घेऊन बसायचं. 1960 च्या दशकात शिकारीमुळे या कळपातले मोजके काहीशे उरले होते, आज ते हजारोंनी आहेत. परतीच्या वाटेवर ते क्वीन्सलँडच्या हर्वे बे या शांत उपसागरात मुक्काम करतात. तिथे जुलै ते ऑक्टोबरमध्ये बोटी जातात. पिलं असतात, घाई नसते, त्यामुळे कुतूहल म्हणून स्वतःच बोटीजवळ येऊन डोकं वर काढतात.

आता श्रीलंका. हे ठिकाण नियमात बसत नाही, म्हणून मला जास्त आवडतं.

निळा देवमासा म्हणजे पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी. श्रीलंकेभोवतीचे जरा ठेंगणे, म्हणजे वीसेक मीटर. ठेंगणे हा शब्द तुलनेनं घ्यायचा. दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या करा, तेवढी लांबी झाली. हे देवमासे थंड समुद्राकडे जेवायला जातच नाहीत, वर्षभर उष्ण कटिबंधातच राहतात. आशा डी व्हॉस या श्रीलंकेतल्या सागरी जीवशास्त्रज्ञ. 2003 साली त्यांनी श्रीलंकेजवळच्या समुद्रात सहा निळे देवमासे एकत्र पाहिले आणि पाण्यावर तरंगणारी त्यांची लाल विष्ठाही पाहिली. विष्ठा आहे म्हणजे इथेच जेवण चालू आहे. कोमट पाण्यात मोठे देवमासे उपाशी असतात असं पुस्तकात होतं, त्याला एवढी साधी गोष्ट छेद देऊन गेली. पुढे हेही कळलं की ते इथे प्रामुख्याने एका बारीक कोळंबीवर जगतात, आणि ती कोळंबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली आहे. जगातला सगळ्यात मोठा प्राणी जवळा खाऊन राहतो, हे ऐकून आमच्या आईला फार बरं वाटलं.

एवढं अन्न किनाऱ्याजवळ का, याचं उत्तर समुद्राच्या तळात आहे. जमीन पाण्याखाली गेल्यावर लगेच खोल दरी लागत नाही, आधी उथळ पायरी असते. मुंबईसमोर ही पायरी जवळपास 300 किलोमीटर रुंद आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला ती अगदी अरुंद आहे, काही किलोमीटरवरच तळ एकदम खाली जातो. अशा कडेला खालचं थंड, खताळ पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर कोळंबी आणि कोळंबीवर देवमासा. म्हणून सकाळी साडेसहाला मिरिस्साच्या बंदरातून निघालेली बोट तासा-दोन तासात निळ्या देवमाशापाशी पोचू शकते. न्यूझीलंडचं कायकोरा हेच सूत्र पाळतं. तिथे खोल घळ गावाच्या अगदी जवळ येते, म्हणून एरवी खोल समुद्रात राहणारे स्पर्म व्हेल तिथे बारा महिने दिसतात.

तर श्रीलंकेत देवमाशाचं पंचांग बारमाही, आणि निर्णय होडीच्या पंचांगावर. एका बेटाला दोन नारळी पौर्णिमा आहेत म्हणा ना. दक्षिणेकडचं मिरिस्सा नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल. तेव्हा ईशान्य मोसमी वाऱ्यांनी पूर्व किनारा खवळलेला असतो. मार्चपासून पूर्वेकडचं त्रिंकोमाली उघडतं आणि सप्टेंबरपर्यंत चालतं. पश्चिमेच्या कल्पिटियाला नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये गिरक्या घेत उडणारे स्पिनर डॉल्फिन आणि नशीब जोरावर असेल तर स्पर्म व्हेल. गुढीपाडव्याच्या मागेपुढे, म्हणजे मार्च-एप्रिलात, एक मोसमी वारा थांबलेला आणि दुसरा सुरू व्हायचा असतो. वारा पडलेला, पाणी तेलासारखं. मला कुणी एकच तारीख विचारली तर मी तीच सांगतो.

त्रिंकोमालीची आणखी एक ओढ आहे. बंदराच्या तोंडाशी स्वामी रॉक नावाचा कडा आणि त्यावर कोणेश्वराचं शिवमंदिर. खाली समुद्रात प्रचंड खोल घळ, थेट बंदराशी येऊन भिडलेली. त्यामुळे मोसमात या कड्यावरूनही निळ्या देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसल्याची उदाहरणं आहेत. देवगडजवळचं आपलं कुणकेश्वर आठवा. तेही समुद्रावरचं शिवमंदिर, नावसुद्धा किती जवळचं. कुणकेश्वरासमोरही देवमासा आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

प्रत्यक्षात काय दिसतं, हे फार कमी लोक खरं सांगतात. पोस्टरवर पाण्याबाहेर उडालेला देवमासा असतो. तो हंपबॅक. निळा देवमासा अशा उड्या क्वचितच मारतो. मिरिस्साला माझी पहिली सकाळ गेली ती क्षितिजाकडे बघण्यात आणि बोटीच्या कठड्याला धरून नाश्ता परत करण्यात. बोट लागणं म्हणजे काय हे ज्याला लागली त्यालाच कळतं. दुसऱ्या सकाळी साधारण आठच्या सुमारास लांबवर एक पांढरी रेघ उभी राहिली आणि विरली. फवारा. सरळ, उंच, तीन मजली घराएवढा. मग पाण्याला समांतर राखाडी-निळी पाठ वर आली. ती संपेचना. पुढची पाठ, मागची पाठ, आणि खूप मागे, अगदी शेपटीजवळ, एक चिमुकला पर, पंखासारखा. आवाज मात्र विसरलो नाही. प्रेशर कुकरची वाफ एकदम सोडल्यासारखा, पण खर्जातला. पाच-सहा श्वास झाले. शेवटच्या वेळी पाठ जास्त कमानदार झाली आणि शेपूट पाण्याबाहेर आली, दोन्ही टोकांवरून पाणी ओघळत, आणि सावकाश आत गेली. तिथे पाण्यावर ताटाएवढा, मग अंगणाएवढा गुळगुळीत डाग राहिला. लाटा त्या डागात शिरत नव्हत्या.

नंतर दहा-पंधरा मिनिटं काही नाही. निळा देवमासा एवढा वेळ खाली राहतो. याच वेळात चांगली बोट आणि वाईट बोट वेगळी कळते. चांगली बोट इंजिन मंद करून थांबते आणि तो ज्या दिशेला गेला त्याच्या समांतर, अंतर राखून सरकते. वाईट बोट वर आला रे आला की तिकडे सुसाट धावते. आम्ही होतो तेव्हा सात-आठ बोटी अशा धावल्या, त्यात आमचीही होती, आणि तो दोनच श्वास घेऊन खाली गेला. पैसे देऊन आपणच त्याला पळवून लावलं, असं वाटत राहिलं. त्यापलीकडे क्षितिजावर कंटेनर जहाजांची रांग होती. सुएझकडून मलाक्काकडे जाणारा जगातला एक अत्यंत गजबजलेला जलमार्ग नेमका याच जेवणाच्या ताटावरून जातो आणि जहाजांच्या धडकेनं देवमासे मरतात. 2022 मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीनं आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी केलेली नाही.

तेव्हा बुकिंग करताना "दिसण्याची गॅरंटी आहे का?" हा प्रश्न विचारू नका. गॅरंटी देणाऱ्याला पाठलाग करावाच लागतो. किती अंतरावर थांबता ते विचारा. शंभर मीटरच्या आत आपण होऊन जायचं नाही, हा बऱ्याच देशांत पाळला जाणारा दंडक आहे. हवाईत हंपबॅकसाठी शंभर यार्डांचा कायदाच आहे. सिअ‍ॅटलच्या बाजूला तर संकटात असलेल्या स्थानिक ओर्कांपासून, म्हणजे काळ्या-पांढऱ्या 'किलर व्हेल'पासून, 2025 पासून हजार यार्ड लांब राहावं लागतं. तिकडच्या कुणी "अगदी जवळून दाखवतो" म्हटलं तर समजून जा. दुसरा प्रश्न, काही दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी फुकट नेता का? बरेच जण नेतात, पण त्यासाठी तुमच्याकडे दुसरा दिवस पाहिजे ना.

लोक इथेच चुकतात. सात दिवसांच्या सहलीत व्हेलला एक सकाळ, तीही विमान पकडायच्या दिवशीची. समजा एका सकाळी दिसण्याची शक्यता निम्मी धरली, छापा-काटा. तीन सकाळी ठेवल्या तर तिन्ही वेळा काटाच पडण्याची शक्यता आठात एक. समुद्र नाण्यासारखा वागत नाही, एक दिवस बिघडला की दुसराही बिघडतो, पण हिशेबाची दिशा बरोबर आहे. महागड्या बोटीपेक्षा जास्तीच्या दोन सकाळी केव्हाही बऱ्या.

वारा सहसा दुपारकडे वाढतो, म्हणून पहाटेची फेरी. आदल्या रात्री हवामानाच्या अ‍ॅपवर पाऊस बघतात सगळे, वारा आणि लाटांची उंची कुणी बघत नाही. पाऊस चालतो. वाऱ्यानं पाण्यावर पांढरे फेसाचे तुरे आले की त्यात पांढरा फवारा ओळखू येत नाही. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्या, लागल्यावर नाही. कोणती ते डॉक्टरांना विचारून. बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा, तिथे हिंदकळणं कमी. खिशात आलेपाक ठेवा. आणि मोबाइलच्या पडद्यात बघू नका, मळमळ तिथूनच सुरू होते आणि देवमासाही तिथे ठिपक्याएवढाच येतो.

ज्यांना बोट झेपतच नाही त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतलं हरमॅनस. जून ते नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर, सदर्न राईट व्हेल माद्या पिलांसह कड्याच्या पायथ्याशी येऊन राहतात. बाकावर बसून बघायचं. यांचा फवारा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन धारांचा. स्पर्म व्हेलचा पुढे डावीकडे कललेला, निळ्याचा सरळ, हंपबॅकचा झुडपासारखा. एवढं लक्षात ठेवलं तरी बोटीवर भाव खाता येतो. राईट हे नाव मात्र शिकाऱ्यांनी ठेवलेलं. मारायला योग्य, कारण संथ पोहतो आणि मेल्यावर तरंगतो. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर शिकारीच्या काळात कड्यांवरच्या चौक्यांत टेहळे दुर्बीण लावून बसत. आज त्याच पद्धतीनं टेहळे पर्यटकांच्या बोटींना दिशा सांगतात. स्पर्म व्हेल तिथे वर्षभर, आणि एप्रिल-मेच्या सुमारास उत्तरेकडे निघालेले निळे देवमासेही.

सुट्टीचा हिशेब करणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर हर्वे बे किंवा हरमॅनसचा शेवटचा टप्पा मिळतो. नाताळात मिरिस्सा, किंवा खिसा आणि थंडी दोन्ही सोसत असतील तर उत्तर नॉर्वे. तिथे नोव्हेंबर ते जानेवारी हेरिंग माशांमागे ओर्का आणि हंपबॅक खाडीत शिरतात, पण नाताळात सूर्य उगवतच नाही, बघायला काही तासांचा संधिप्रकाश फक्त. मे महिन्यात त्रिंकोमाली. जून-जुलैत आइसलँडमधलं हुसाविक.

"आणि आपल्याकडे?" आतेभावानं विचारलंच.

आपल्याकडे देवमासे आहेत. 2015 साली कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसल्याची नोंद आहे. ब्राइड्स व्हेल त्याहून जास्त वेळा दिसतो. तो लहान मासे खातो, तारलीच्या थव्यामागे उथळ पाण्यातही येतो. देवगडच्या एका खलाशाला मी विचारलं होतं, कधी दिसतो का म्हणून. "दिसता तर. आम्ही तारल्यांच्या मागसून, तोव तारल्यांच्या मागसून. मगे गाठ पडतलीच." बाकी आपल्याला तो कळतो तो बहुतेक किनाऱ्यावर आल्यावर. 2015 ला रेवदंडा, 2016 ला जुहू, 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळे. गणपतीपुळ्याच्या पिलाला वाचवायला लोकांनी रात्रंदिवस धडपड केली, ते वाचलं नाही. असं काही दिसलं तर पाठीवर चढून फोटो न काढता वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करायचा.

अरबी समुद्रात आणखी एक नवल आहे. ओमानकडचे हंपबॅक. जगभरचे हंपबॅक येरझाऱ्या घालतात, हे घालत नाहीत. जो नैर्ऋत्य वारा आपल्याला पाऊस देतो, तोच ओमानच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी लोटून खालचं थंड पाणी वर काढतो. अन्न घरपोच मिळतं, मग कोण कशाला अंटार्क्टिकाला जाईल? त्यांची संख्या शंभराच्या आत असावी असा अंदाज आहे. त्यातली लुबान नावाची मादी, 2017 मध्ये अंगावर उपग्रहाचा ट्रान्समीटर लावलेली, अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला येऊन परत ओमानला गेली. पण पायरी रुंद, अंतर लांब, त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात व्हेल दाखवायला म्हणून भरवशाची फेरी नाही. तारकर्ली, हर्णै, सिंकेरीला डॉल्फिन बघायला जा, ते सुंदरच आहेत. पण कुणी व्हेलचे पैसे मागितले तर देऊ नका.

शेवटी त्यानं मिरिस्साचं हॉटेल सोडलं. मुलांची परीक्षा एप्रिलच्या मध्यात संपते म्हणून मे ऐवजी एप्रिलअखेर धरला, त्रिंकोमालीत चार रात्री, म्हणजे समुद्राला तीन सकाळी. हॉटेल पूर्ण किमतीचं आहे, यावर अजून कुरकुर चालू आहे. काल पुन्हा मेसेज आला. आत्याही येतेय म्हणे, कोणेश्वराला अभिषेक किती वाजता असतो?